पुलावरचा राघो

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. पाच फळांऐवजी तीनच ठेवली, सफरचंदं फार चढली आहेत आणि देवी काही मोजत बसत नाही. पोथी वाचताना मात्र लक्ष लागलं नाही. दुपारी ठाण्याहून यांचा रिपोर्ट आला. आमच्या लेकीनं, मैथिलीनं, तो फोनवर वाचून दाखवला. आतड्यातली गाठ परत आली आहे.

हे शेजारीच बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरं." भाजीवाल्यानं मेथी संपली म्हणून सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं. मग थोड्या वेळानं म्हणाले, "ते सलाइन, त्या उलट्या, मी परत करणार नाही. एकदा केलं. पुष्कळ झालं."

मैथिली पलीकडून रडायला लागली. मी फोन घेतला आणि विचारलं, जेवलीस का?

ही वही दिवाळीत औषधांच्या दुकानदारानं फुकट दिली होती. मी वही-पेन धरलं की हे म्हणतात, "मॅट्रिकचा पेपर राहिलाय वाटतं." हिशेबाची वही वेगळी आहे. तिच्यात असलं काही लिहायला लागले तर बेरीज चुकेल. म्हणून इथे.

८ डिसेंबर, रविवार

मैथिली सकाळीच आली. कोलशेतला एकटी राहते, कॉम्प्युटरवर काम करते, पगार चांगला आहे, आणि रविवारी ठाण्यात कुठेतरी जाऊन मोठमोठ्या माणसांबरोबर टेबलावर बाहुल्यांच्या लढाया खेळते. हे मी कोणत्याही स्थळाला अजून सांगितलेलं नाही. आज तिच्या पिशवीत फासे, शिवणाची टेप आणि रंगाच्या बाटल्या.

"बाबा, माळ्यावरचे मावळे कुठे आहेत?"

"कशाला? दिवाळी झाली की."

"काढा तर."

हे कंपनीत ड्रॉइंग काढायला होते. दर दिवाळीला सोसायटीच्या आवारात किल्ला यांचाच. बाजारातले मावळे यांना चालत नाहीत, म्हणतात त्यांना मानच नसते. शाडूची बोटाएवढी माणसं स्वतः करायचे आणि त्यांना नावं द्यायचे कंपनीतल्या सोबत्यांची. गोविंदा, दौलत, संदेश, कांता आणि मशालवाला राघो. राघोची मशाल म्हणजे काडेपेटीची काडी, टोकाला लाल दोरा. खरा राघो आमच्या लग्नात पेट्रोमॅक्स घेऊन पुढे चालला होता, म्हणून त्याला मशाल. किल्ल्याच्या पुलावर दरवर्षी हाच उभा असतो. मीही जाता-येता म्हणायची, काय रे राघो, बरा आहेस ना?

जेवणाच्या टेबलावर प्लायवुडची फळी टाकली. निळ्या रंगानं खाडी काढली, तिच्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल, मध्ये टेकाड, टेकाडावर झेंडा. यांचे गडकरी, मैथिलीचे गनीम. जो झेंडा उचलून आपल्या कडेपर्यंत नेईल तो जिंकला. टेपनं मोजून चालायचं आणि माणूस माणसाला भिडला की दोघांनी फासा टाकायचा. ज्याचा आकडा लहान त्याचा माणूस गेला. गेलेले सगळे स्टीलच्या डब्यात.

समोरच्या शकूताई वाटी परत द्यायला आल्या आणि बघतच राहिल्या. "काय हो भाऊ, म्हातारपणी भातुकली?"

"भातुकलीत निदान भात मिळतो, शकूताई. इथे नुसता मार."

हे हसले. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा. मी जेवायला तासभर उशीर झाला तरी काही बोलले नाही. मग आम्ही तिघं ओट्यापाशी उभ्यानं जेवलो, टेबल अडलेलं होतं.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती. सुंठवडा केला होता, आज खेळताना दोघांनी तोच खाल्ला. शाडूच्या माणसांच्या अंगावर सुंठ सांडली.

मला एक गोष्ट खपली नाही. मैथिली सारखी "दौलत मेला, कांता मेला" करत होती. घरात आजारी माणूस, त्यात दिवेलागणीची वेळ. मी पोळपाट ठेवून बाहेर आले. "हा शब्द या घरात नको."

"मग काय म्हणू? आउट?"

"नारळ फोडला म्हणतो का आपण? वाढवला म्हणतो. तसं म्हण."

ती दोघं एकमेकांकडे बघून इतकी हसली की यांना खोकला आला. पण नंतर तसंच म्हणायला लागली. "बाबा, तुमचा दौलत वाढला." हे म्हणाले, "वाढा अजून. पोट भरलं नाही आमचं."

खेळून झाल्यावर हे दिवाणावर आडवे झाले. मी उठवून बसवलं. तिन्हीसांजेला आडवं पडू नये, लक्ष्मी यायची वेळ असते. हे म्हणाले, "तिला सांग, मी तिच्यासाठी जागा ठेवून पडलोय." पण उठून बसले. खांद्यामागे उशी दिली.

यांचा शर्ट गळ्यापाशी फार सैल झाला आहे. बटण सरकवून लावलं.

२२ डिसेंबर, रविवार

आज खेळ नाही, भांडणच. मैथिलीनं ठाण्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली होती, न विचारता.

"बाबा, सहा सलाइनं. त्यातनं काही महिने मिळू शकतात. डॉक्टर म्हणालेत."

"मिळू शकतात म्हणाले की मिळतील म्हणाले?"

"बाबा, प्लीज."

"मागच्या वेळी तू रात्री घरी जायचीस. मी तिथे असायचो. मला माझ्या घरात, माझ्या दिवाणावर, खिडकीतून ते बदामाचं झाड दिसत असताना काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि आईचं काय?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? मला हे हवे आहेत. कसेही. खुर्चीत बसलेले, चिडलेले, काही न खाणारे, पण हवेत. मी म्हटलं, डॉक्टरांना जास्त कळतं. यांनी मान फिरवली. त्यांना मी एकटं पाडलं असं मला वाटलं, पण मी खोटं नाही बोलले.

मग हेच म्हणाले, "मैथू, पैज लाव. एकच मोठा डाव. तू जिंकलीस तर मी जातो ठाण्याला, तू म्हणशील तितकी सलाइनं. एक शब्द बोलणार नाही. मी जिंकलो तर मी घरी, आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

"बाबा, असं फाशावर थोडीच—"

"फासा निम्मा. बाकी निम्मं डोकं. तुझा विश्वास नाही का डोक्यावर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. केली असली तर नकळत. ती म्हणाली, "ठीक आहे. पण मुद्दाम हरायचं नाही. मीही नाही, तुम्हीही नाही."

"मी आयुष्यात एक रेघ खोटी काढली नाही," हे म्हणाले.

हे खरं आहे. कंपनीतले साहेब त्यांना वाकवू शकले नाहीत म्हणून तर बढती राहिली.

२६ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा गुरुवार, उद्यापन. कुमारिका मिळेनात, हल्ली सगळ्या क्लासला असतात. शकूताईंची नात प्रीती आली, तिलाच केळं आणि रुमाल दिला. घट हलवताना देवीला स्पष्ट सांगितलं, मैथिलीला जिंकू दे. यांच्या विरुद्ध मागणं मागायला जीभ अडखळली. पण मागितलं. मैथिली जिंकली तर वर्षभर चहा सोडेन असं बोलले. माझ्याकडे दुसरं सोडण्यासारखं काही नाही.

२९ डिसेंबर, रविवार

मोठा डाव आज सुरू झाला. मला बघवेना. मी गणपतीच्या देवळात जाऊन बसले. कीर्तन होतं, बुवांचा आवाज बसलेला होता. आरती संपवून घरी आले तर हे दिवाणावर टेकून बसलेले, चेहरा पांढरा. मैथिली त्यांचे पाय दाबत होती.

"थांबवलं आम्ही. बाबा दमले. पुढच्या रविवारी इथूनच पुढे."

"कोण वर आहे?"

"काय सांगू, आई. घासाघास आहे. तीन माझे, दोन बाबांचे."

फळीला धक्का लावू नकोस, केर काढताना जपून, असं दोनदा बजावून ती गेली. मी जुनं लुगडं वरून अलगद पांघरलं.

३० डिसेंबर, सोमवार

सोमवती अमावास्या. पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या. गुडघे बोलायला लागले.

संध्याकाळी दिवा लावला आणि लुगडं सरळ करायला वर उचललं तर राघो पुलावर आडवा पडलेला. बाकीचे सगळे उभे, हा एकटा उताणा, मशाल हातात, पाय दक्षिणेला. लुगडं टाकताना माझ्याच हातून पडला असणार, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं. अमावास्येच्या दिवशी, दिवेलागणीला, दक्षिणेकडे पाय करून पडलेला माणूस मी घरात ठेवायचा? आणि तोही राघो, जो माझ्या वरातीपुढे उजेड घेऊन चालला?

हलकेच उचलला, पदरानं पुसला, होता तिथेच उभा केला. तोंड पूर्वेला. म्हटलं, ऊठ रे राघो, तुझ्या साहेबांना तुझी गरज आहे.

मैथिली हात लावू नको म्हणाली होती. पण पडलेल्याला उभं करणं म्हणजे काही धक्का लावणं नव्हे. यांना सांगितलं नाही, उगाच चिडतील.

५ जानेवारी, रविवार

संपलं. मैथिली जिंकली. सगळं लिहिते, कारण देवीची करणी डोळ्यांनी पाहिली.

आज मी बाहेर गेले नाही. कोपऱ्यात मटार सोलत बसले. मैथिलीनं लुगडं काढलं आणि जरा थबकली.

"आई, तू इथे काही—"

"राहू दे गं," हे म्हणाले. "चल, तुझी खेळी."

तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत धावले. गॅस पुसून परत आले तर दोघं गप्प बसलेली. मैथिलीचे डोळे लाल. मी म्हटलं, काय झालं? हे म्हणाले, "काही नाही. नियम बघत होतो."

मग खेळ असा झाला. मैथिलीच्या एका माणसानं टेकाडावरून झेंडा काढला. यांच्या संदेशनं तिचा दुसरा माणूस वाढवला आणि लगेच तिसऱ्यानं संदेशला वाढवला. हे म्हणाले, "चोख." नंतर गोविंदानं त्या तिसऱ्याला घेतलं, मैथिलीनं कपाळावर हात मारून घेतला. आता तिच्याकडे फक्त झेंडेवाला. यांच्याकडे गोविंदा लांब, खाडीच्या अलीकडे, आणि राघो पुलावर.

आणि झेंडेवाल्याला घरी जायला पुलाशिवाय वाटच नाही!

मला खेळातलं काही कळत नाही, पण एवढं आंधळ्यालाही कळेल. राघोनं एक पाऊल पुढे टाकलं असतं, फासा टाकला असता, तर काहीही झालं असतं. माझ्या हातातला मटार हातात राहिला. मनात देवीचा धावा चालू.

हे राघोकडे बघायलाच तयार नाहीत. प्रत्येक पाळीला गोविंदालाच चालवतात. टेप धरतात, डोळे बारीक करून मोजतात, गोविंदा एवढासा पुढे. मैथिलीचा झेंडेवाला पुलावर चढला, आणि तीही काय चालली! इतर वेळी पळवायची, आज अगदी निम्मी निम्मी पावलं. राघोच्या नाकाखालून, त्याला खेटून, इतकी हळू की गोविंदा पार मागे येऊन ठेपला. मी तोंडानं म्हणणार होते, अगं पळ ना. जीभ चावली.

पुलाच्या तोंडाशी गोविंदानं गाठलं. फासे. यांचे चार. मैथिलीनं फासा मुठीत घेतला तो सोडेचना.

"टाक, मैथू."

"बाबा, राहू दे. बरोबरी म्हणू."

"टाक म्हणतो ना."

पाच पडले.

यांनी गोविंदाला स्वतःच्या हातानं उचलून डब्यात ठेवलं. "बोटभर राहिलं होतं तुझं," म्हणाले. "छान खेळलीस. मधे पुलावर मला वाटलं होतं, मी धरलं तुला." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून ठेवला. पाणी वाया जातंय म्हणून मी हाक मारली नाही.

मी देवापुढे साखर ठेवली. राघोचे पाय देवीनंच धरून ठेवले, दुसरं काय? नाहीतर रेघ न चुकणारा माणूस हातातला मोहरा असा विसरेल?

फळी आवरू का विचारलं. हे म्हणाले, "असू दे. आल्यावर आवरू."

६ जानेवारी, सोमवार

चहा सोडला. डोकं दुखतंय, दुखू दे. यांना कारण सांगितलं नाही. ते म्हणाले, "साखर वाचवायची नवी युक्ती का?"

बॅग भरली. दोन लुंग्या, तांब्या, तुळशीची माळ, अंगारा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दवाखान्यात तिळगूळ नेला. यांनी एक कण जिभेवर ठेवला आणि रुमालात काढला. "गोड बोलतो, पण खायला सांगू नको." दुसरं सलाइन झालं. एका शब्दानं तक्रार नाही. नर्स म्हणाली, असा पेशंट बघितला नाही, आजोबा किती शांत. मला ते चांगलं वाटत नाही. मागच्या वेळी नर्सला, मला, डॉक्टरांना, सगळ्यांना शिव्या घालायचे.

मैथिली रजा टाकून बसते. त्यांच्या समोर हसते, जिन्यात रडते.

२ फेब्रुवारी, रविवार

काल माघी गणपती. दवाखान्याच्या दाराशी मंडप होता, तिथूनच हात जोडले. पोटात पाणी होतंय. आडवं झालं की धाप लागते म्हणून मी तीन उशा लावून बसवते. मान कलंडली की सरळ करते. हे म्हणाले, "प्रमोदिनी, मला जरा आडवं होऊ दे."

मी म्हटलं, दिवेलागण होऊन जाऊ दे, मग पडा.

"इथे दिवे रात्रंदिवस लागलेले असतात गं."

तरी बसवलं. बसलेला माणूस बरा दिसतो. भेटायला येणाऱ्यांनाही बरं वाटतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चौथं सलाइन पुढे ढकललं. रक्त कमी आहे. बदामाचं झाड अजून आहे ना, असं विचारलं. म्हटलं, आहे. पानं लाल होऊन गळताहेत. म्हणाले, "हां. हेच दिवस."

मला वाटलं, बरे होऊन घरी यायची आठवण काढताहेत.

६ मार्च, गुरुवार

तेरावा परवा झाला. मधली पानं कोरी आहेत, तशीच राहू देत.

गेले ते पहाटे. उशांना टेकलेले, बसलेलेच. मी त्यांच्या पाठीमागे हात घालून बसले होते, मला वाटलं झोप लागली.

बांगड्या वाढवायच्या म्हणून नणंदबाई पुढे आल्या तेव्हा मैथिली मध्ये उभी राहिली. "आत्या, नाही." शकूताईही म्हणाल्या, आमच्यात कुणी करत नाही हो हे, माणूस गेलं तेवढं पुरे नाही का? राहिल्या बांगड्या हातात. आवाज करतात म्हणून मीच रुमाल गुंडाळून बसते.

९ मार्च, रविवार

मैथिली आली. म्हणाली, "आई, टेबल मोकळं करू या. तू किती दिवस ओट्यापाशी उभी जेवणार?"

लुगडं काढलं. सगळं जसंच्या तसं. पुलाच्या तोंडाशी तिचा झेंडेवाला, पुलावर राघो. डब्यात बाकीचे सगळे. धूळ मात्र आत शिरली होती. ती एकेकाला ब्रशनं पुसायला लागली.

मी म्हटलं, "एक विचारायचं राहिलं होतं. त्या दिवशी तू पुलावरून इतकी हळू का गेलीस? आणि यांनी राघोला का नाही हलवलं? मी तर त्याच दिवशी देवीला साखर ठेवली, की बाई, तूच त्याचे पाय धरलेस."

तिनं ब्रश खाली ठेवला.

"आई, राघो आधीच वाढला होता."

मला कळलं नाही.

"आदल्या रविवारी. तू देवळात होतीस. माझ्याच माणसानं वाढवला. एरवी आम्ही डब्यात टाकतो, पण पुलावर पडला तर उचलत नाही. तिथेच आडवा ठेवायचा. वाट अडते ना. त्याच्यावरून जायचं तर निम्मी चाल. बाबांनीच बसवलेला नियम."

मी राघोकडे पाहिलं.

"मग मी सोमवारी—"

"हो. लुगडं काढलं तेव्हाच कळलं मला. बाबांनाही कळलं. तू दूध बघायला आत गेलीस ना, तेव्हा मी त्यांना म्हटलं, बाबा, उभा आहे तर उभा आहे, खेळवा त्याला. मनापासून म्हटलं, आई. मला तेव्हा नकोच होतं जिंकायला. त्यांचा चेहरा बघून वाटत होतं, मी काय करायला निघालेय?"

"काय म्हणाले?"

तिनं त्यांचाच सूर लावला, तसाच, खालच्या पट्टीतला. "'तुझ्या आईनं उभा केलाय. मी त्याला पाडणार नाही. पण मेलेल्या माणसाकडून काम करून घेणार नाही.' आणि म्हणाले, 'तिला सांगू नकोस. तिला पडलेलं बघवत नाही.'"

मी तिथे नव्हते, म्हणून तो शब्द वापरला असणार.

मैथिली म्हणाली, "मग मीही त्याच्यावरूनच गेले. निम्म्या चालीनं. तेवढंच माझ्या हातात होतं." आणि मग, "मी जोर करायला हवा होता ना, आई? खेळवा म्हणून. ते घरी राहिले असते."

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तू ठरल्याप्रमाणे खेळलीस. तेही ठरल्याप्रमाणे खेळले. तुम्हा दोघांत खोटं काही नव्हतं.

तिसरं कोण होतं ते ती म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही.

राघोला उचलायला तिनं हात पुढे केला. मी म्हटलं, त्याला असू दे. बाकीचे घेऊन जा, रंग उडालेत, नीट कर त्यांना. पूल आणि राघो इथेच राहू दे.

१२ मार्च, बुधवार

दिवसभर तेच डोळ्यांपुढे. गोविंदा एवढासा पुढे, एवढासा पुढे. राघो जिवंत असता तर काय पडलं असतं फाशावर? पाचच्या वर एकच आकडा असतो. म्हणजे तसंही देवाच्या हातात होतं. पण फासा टाकायला तरी मिळाला असता. बदामाच्या झाडासाठी.

शकूताई म्हणाल्या, चहा घ्या ना घोटभर, डोकं उतरेल. घ्यावासा वाटला. नवस ज्या गोष्टीसाठी बोलले ती देवीनं केलीच नव्हती, यांनी केली होती. मग फेडायचा कुणाला? बसून विचार केला. शेवटी नको म्हटलं. यांनी फाशावर दिलेला शब्द पाळला, तोंडातून हूं न काढता. मी तर देवापुढे दिलेला आहे. पौषापर्यंत चहा नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. यंदा आपल्याकडे गुढी उभी करायची नाही. समोरच्या गॅलऱ्यांतून काठ्या वर निघालेल्या दिसत होत्या, साखरेच्या गाठ्या, तांबे उन्हात चमकत होते. बदामाला नवी पालवी आली आहे, तांबूस. यांनी पाहिली असती तर म्हणाले असते, रंग कुणाला असा जमणार नाही.

मैथिली येणार होती, तिला कामावर बोलावलं. मी वरण-भात केला. टेबलावर बसून जेवले. कितीतरी दिवसांनी. एका बाजूला ताट, एका बाजूला पूल.

संध्याकाळी दिवा लावला. शुभंकरोती म्हटलं. राघो उभाच होता, मशाल धरून, मी केला होता तसा, तोंड पूर्वेला. अमावास्येपासून उभा आहे. त्याच्या पायाखालची काडी एका बाजूला दबली आहे, जरा कललाय, पण पडत नाही. मीच तसा पक्का रोवला होता.

दिवेलागण झालेली होती. झाली तर झाली.

त्याला दोन्ही हातांनी धरून उचललं. पुलावरच, पाय जिकडे होते तिकडेच करून, पाठीवर टेकवलं. मशाल छातीवर आली. डोक्याखाली काही ठेवलं नाही, उशी तर नाहीच.

म्हटलं, पडा आता.